जनावरांच्या दवाखान्यातलं औषध

"बाई, पोरगी चालली वं हातातनं!"

ती बाई ओरडतच दवाखान्याची पायरी चढली. पाठीवर सहाएक वर्षांची मुलगी होती, तिची मान आईच्या खांद्यावरून लोंबत होती आणि तोंडातून लाळेची तार थेट आईच्या पदरावर उतरली होती. मागून एक म्हातारी दुसऱ्या मुलीला दंडाला धरून ओढत आणत होती. ही थोरली, नऊ वर्षांची. ती चालत होती, पण दारू प्यायल्यासारखी. पायरीशी आली आणि तिथेच ओकली.

सकाळचे साडेदहा वाजले असतील. गणपती जाऊन आठवडा झाला होता. पाटणच्या वर, कोयनेच्या खोऱ्यातल्या त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी नर्स होते. एस्तर भिंगारदिवे. मूळची नगरची, तिकडच्याच मिशनच्या दवाखान्यात शिकलेली. या गोष्टीला आता तीस वर्षं होऊन गेली. त्या दिवशी आमचे डॉक्टर हुपरीकर महिन्याच्या मीटिंगला साताऱ्याला गेले होते आणि एकुलती एक जीप त्यांच्याबरोबर गेली होती. दवाखान्यात मी आणि शिपाई गणपा सुतार, एवढे दोघंच.

दोघींना शेजारशेजारच्या खाटांवर घेतलं. आईचं नाव हौसा, म्हातारी तिची सासू कोंडाबाई. मुली थोरली शालन आणि धाकटी बायडी. बाप मुंबईला माथाडीत होता.

"कधीपासून?"

"सकाळच्यान," हौसा म्हणाली. "आदी पोटात दुकाय लागलं म्हणली. मग उलट्या. मग जुलाब. आन् ही धाकटी तर आता बोलंनाच."

त्या महिन्यात खोऱ्यात गॅस्ट्रोची साथ होती. रोज तीन-चार पेशंट यायचे आणि मी सलाईन लावून त्यांना बरं करायचे. माझ्या डोक्यात तेच होतं. मी बायडीच्या हाताला सलाईन लावली, शालनचा हात धरला आणि नाडी बघायला लागले. नाडी मंद होती. फार मंद. ज्या पोरीला सकाळपासून जुलाब होताहेत तिची नाडी घोड्यासारखी धावायला हवी. ही मात्र थांबून थांबून चालली होती. आणि तिच्या दंडाच्या कातडीखाली काहीतरी वळवळत होतं. स्नायू आपले आपण उडत होते.

मी बॅटरी घेऊन बायडीची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झाली होती. शालनची बघितली. तीही तशीच.

नगरला आम्हाला शिकवणारे एक वयस्कर डॉक्टर होते. ते म्हणायचे, "उलट्या-जुलाबाचा पेशंट आला की पोट बघायच्या आधी डोळा बघा. पोट खोटं बोलतं." मी ते वहीत लिहून घेतलं होतं आणि नऊ वर्षं त्याची गरज पडली नव्हती.

"घरात फवारणीचं औषध आहे का?" मी विचारलं.

हौसाने सासूकडे बघितलं. कोंडाबाई एकदम उभी राहिली.

"हाय की! भातावर मारून उरल्यालं बाटलीत हाय, माळ्यावर." मग तिने सुनेकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. "अगं बये, काय दिलंस पोरींना? काय चारलंस?"

"काय बी चारलं न्हाय, आत्ती."

"मग इख गेलं कसं पोटात? दोनी पोरीच झाल्या म्हून जीवावर उठलीस व्हय?" आणि तिने हौसाच्या पाठीत एक जोरात बुक्की घातली.

मी गणपाला म्हातारीला बाहेर न्यायला सांगितलं. व्हरांड्यात जाऊन ती गावाला ऐकू जाईल अशा आवाजात रडायला लागली. "सुनेनं नाती मारल्या वं माज्या!" बघता बघता फाटकाशी दहा-बारा माणसं जमली.

कपाटात ॲट्रोपीनच्या चौदा बाटल्या होत्या. बाटल्या म्हणजे करंगळीएवढ्या काचेच्या कुप्या. या विषावर उतारा तोच. पण तो एकदा देऊन भागत नाही. द्यायचा, दहा मिनिटं थांबायचं, छाती ऐकायची, छातीतली घरघर कोरडी झाली नाही तर पहिल्यापेक्षा जास्त द्यायचा. असं करत राहायचं. नियमाप्रमाणे डॉक्टरांच्या हुकमाशिवाय मला ते देता येत नव्हतं. फोन पावसाळा लागल्यापासून बंद होता. मी कुप्या फोडल्या.

पहिला डोस दोघींना गेला. गणपाने प्राणवायूचं सिलिंडर ओढत आणलं आणि पायाने चालवायचं यंत्र घेऊन बायडीच्या घशातला फेस ओढायला बसला. मी सांगायचे, तो पाय मारायचा. गणपा सुतारकाम सोडून शिपाई झालेला माणूस. त्याचे हात शहाणे होते.

पण एक गोष्ट मला कळत नव्हती. पोटात गेलं असेल तर ओकारीला त्या औषधाचा वास हवा. तो येत नव्हता. वास होता, पण दुसरीकडून कुठून तरी. रॉकेल आणि कुजका लसूण एकत्र केल्यासारखा. मी बायडीच्या कपाळावरचा घाम पुसायला गेले आणि माझ्या लक्षात आलं की दोघींच्याही डोक्याला जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट गुंडाळलेलं आहे. मला वाटलं होतं, ताप म्हणून बांधलं असेल.

मी गाठ सोडली. वास एकदम अंगावर आला. केस चिप्प ओले होते.

"हौसा, हे काय घातलंस?"

ती खाली बसली. "उवा झाल्या हुत्या," ती म्हणाली. "राकेल लावून बगितलं. जाईनात. म्हनलं किड्यावर चालतंय, तर उवंवर बी चालंल. रातच्याला लावलं आन् बांधून ठिवलं. पोटात न्हाई दिलं, बाई. देवाशपथ. कातड्यातनं आत जातंय ह्ये मला काय म्हाईत?"

डोक्याला रात्रभर बांधून ठेवलेलं, पाणी न घातलेलं औषध. ते अजूनही आत जात होतं. मी इकडून उतारा देत होते आणि तिकडून विष चालूच होतं.

"गणपा, पाणी! आणि कपड्याचा साबण. कात्री आण, ड्रेसिंगची नको, मोठी."

मी हातमोजे घातले. बायडीचे केस मुळापासून कापायला सुरुवात केली. दोन्ही पोरींचे केस लांब होते, कमरेपर्यंत. अशा केसांची आईला किती हौस असते हे सांगायला नको. हौसा उठून माझ्या शेजारी आली.

"मी धरते," ती म्हणाली. "तुमी कापा."

"हात लावू नकोस, तुलाही बाधेल. हे मोजे घाल आधी."

तिने मोजे घातले, उलटेसुलटे, एका बोटात दोन बोटं. शालनच्या वेण्या तिने हातात धरल्या आणि मी कापत गेले. ती एकदाही रडली नाही. कापलेले केस बादलीत पडत होते आणि ती बादलीकडे बघत नव्हती, मुलीच्या तोंडाकडे बघत होती. मग आम्ही डोकी धुतली. एकदा, दोनदा, तीनदा. मान, पाठ, कान. कपडे काढून बाहेर टाकले आणि दोघींना दवाखान्याच्या चादरीत गुंडाळलं.

दुसरा डोस गेला. छाती ऐकली. शालनची घरघर थोडी कमी वाटली. बायडीच्या छातीत मात्र अजून पाणी उकळत होतं. कुप्या उरल्या सहा.

असा प्रसंग कुणावर येऊ नये. दोन खाटा, दोन पोरी, सहा कुप्या. दोघींना तीन तीन दिल्या तर एकीलाही पुरणार नव्हत्या. मी चार बायडीला दिल्या आणि दोन शालनला. शालनने डोळे अर्धवट उघडून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे न बघता सुई टोचली.

"संपल्या?" हौसाने विचारलं. तिला बरोबर कळलं होतं.

"संपल्या."

"मग आता?"

पाटणला जायला एसटी दुपारी दोनला. तोवर काय करायचं? फाटकाशी जमलेल्यांपैकी एकाकडे जुना टेम्पो होता, पण तो पाटणच्या उलट बाजूच्या घाटात, दरड कोसळलेल्या जागेपलीकडे उभा होता. मी गणपाला म्हटलं, "पळत जा आणि तो टेम्पो मिळतो का बघ."

गणपा गेला नाही. जागच्या जागी उभा राहून डोकं खाजवायला लागला.

"सिस्टरबाई, एक बोलू? गेल्या साली आमच्या म्हशीनं फवारल्यालं गवत खाल्लं हुतं. अशीच लाळ, अशीच थरथर. सोनवलकर सायबांनी इंजक्शन दिलं आन् उठली म्हस. त्यांच्याकडं असंल की हेच."

जनावरांचा दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. मी चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला, ॲट्रोपीन, आणि गणपा सायकलवर बसला.

तो गेला आणि शालनचा श्वास बदलला. आधी भरभर, मग उथळ, मग मध्येच थांबलेला. ओठ जांभळे झाले. मी तिच्या तोंडावर मास्क दाबला आणि श्वास द्यायचा रबरी फुगा दाबायला लागले. बायडीच्या घशात पुन्हा फेस आला होता. हात दोनच.

"हौसा, इकडे ये. हा फुगा धर. मी एक म्हटलं की दाब, दोन म्हटलं की सोड. मध्ये थांबायचं नाही. काहीही झालं तरी थांबायचं नाही."

"एक," मी म्हटलं. तिने दाबला. शालनची छाती वर आली. "दोन."

चौथ्या-पाचव्या वेळेला माझं मोजणं थांबलं आणि ती स्वतःच मोजायला लागली. "येक. दोन. येक. दोन." मी बायडीकडे वळले. पाठीमागे ते मोजणं चालूच होतं, एका सुरात, जात्यावर बसल्यासारखं.

मोटारसायकल थेट व्हरांड्यापर्यंत आली. डॉक्टर सोनवलकर फलटणकडचे. पन्नाशीचे, जाडजूड, मितभाषी गृहस्थ. पायात गमबूट होते आणि बुटांना शेण होतं. कुणाच्या तरी गाईचं बाळंतपण सोडून आले होते. दारातच थबकले.

"सिस्टर, औषध आणलंय. पण आधी सांगतो, मी माणसाला हात लावू शकत नाही. कायद्यानं नाही. माझी नोकरी जाईल."

"माझीही जाईल," मी म्हटलं. "द्या इकडे."

त्यांनी खिशातून दोन मोठ्या बाटल्या काढल्या. लेबलवर गाईचं चित्र होतं. मी तारीख वाचली, एका मिलीत किती आहे ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हाताच्या तळव्यावर पेनाने हिशोब केला. सोनवलकर माझ्या खांद्यावरून बघत होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "वजनाचा हिशोब सगळ्यांना सारखाच. वासरू काय, पोर काय."

मी शालनच्या शिरेत पहिला डोस सोडला. मान वर केली तर सोनवलकरांनी बूट व्हरांड्यात काढले होते, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले होते आणि ते हौसाच्या शेजारी उभे होते.

"बाई, तुझे हात दुखले असतील. दे मला."

"न्हाय दुकत," हौसा म्हणाली. "येक. दोन."

"दे. मी वासरांना तोंडानं वारा घातलाय. हे त्यापेक्षा सोपं आहे."

तेव्हा तिने फुगा सोडला. हात खाली आल्यावर बोटं उघडेनात तिची.

त्यानंतरचे दोन तास एकसारखेच गेले. डोस, दहा मिनिटं, छाती. डोस, दहा मिनिटं, छाती. साडेबाराच्या सुमाराला बायडीची छाती कोरडी वाजली. बाहुल्या मोठ्या झाल्या, गाल लाल झाले, आणि ती "पानी" म्हणाली. अगदी स्पष्ट. बाहेर व्हरांड्यात ते ऐकून कोंडाबाई पुन्हा रडायला लागली, पण या वेळी शिव्या नव्हत्या.

शालनला वेळ लागला. एक वाजून गेल्यावर सोनवलकर म्हणाले, "सिस्टर, आता ही माझ्या फुग्याविरुद्ध स्वतःच श्वास घेतेय." फुगा बाजूला करून आम्ही तिघं तिच्या छातीकडे बघत बसलो. छाती वर आली. खाली गेली. पुन्हा आपली आपण वर आली. हौसाने भिंतीला पाठ टेकली आणि तशीच घसरत खाली बसली.

ॲट्रोपीन फार झालं की माणूस थोडा वेळ भ्रमात जातो. तोंडाला कोरड पडते, डोळ्यांपुढे नसलेलं दिसतं, हात हवेत काहीतरी पकडत राहतात. शालन तशी झाली. मी तिच्या ओठांना ओला बोळा लावत होते. तिने डोळे उघडले. माझ्या पांढऱ्या साडीकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. आणि एकदम तिने दोन्ही हातांनी आपलं कापलेलं डोकं झाकून घेतलं.

"बाई, आता न्हाईत," ती म्हणाली. "गेल्या सगळ्या. आयनं औशीद लावलंया. आता वर्गात बसू द्या मला. बायडीला बी."

माझा हात तिथेच राहिला.

सोमवारी मी शाळेची तपासणी केली होती. बासष्ट मुलं. दात, डोळे, खरूज, केस. मुलींना रांगेत उभं करून पेन्सिलीच्या टोकाने केस वर करायचे आणि मोठ्याने सांगायचं, मास्तर लिहून घ्यायचे. चार-पाच मुलींच्या डोक्यात उवा निघाल्या असतील. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवलं, कारण मी दर वर्षी, दर शाळेत तेच म्हणायचे. "शी, शी! हिला बाहेर बसवा. उवा गेल्याशिवाय वर्गात घेऊ नका." पोरं हसायची. मीही थोडी हसायचे. कुणाच्या हातात औषध दिलं नाही, कारण त्या वर्षी औषध आलंच नव्हतं. कंगवा कसा फिरवायचा हेही सांगितलं नाही. त्या दिवशी अजून दोन शाळा व्हायच्या होत्या.

आणि यांचे चेहरे मला आठवत नव्हते. सकाळपासून तीन तास मी त्या दोघींच्या छातीला कान लावून बसले होते आणि मला त्या ओळखू आल्या नव्हत्या.

मी हौसाकडे बघितलं. तिने मला ओळखलं होतं, पायरी चढल्या चढल्या. ते मला आता दिसलं. ती नजर खाली घालून लुगड्याची दशी गुंडाळत होती.

"किती दिवस बाहेर बसल्या पोरी?"

"तीन," ती म्हणाली. "दाराच्या भायेर, चपला काढत्यात तितं. बायडीला काय न्हाय, ती खेळायची. पर शालन घरी येऊन जेवंना."

एवढंच.

साडेतीनला हुपरीकर डॉक्टरांची जीप आली. त्यांनी दोघींना तपासलं, माझ्या तळव्यावरचा हिशोब बघितला आणि सोनवलकरांचा हात हातात घेऊन किती तरी वेळ सोडला नाही. मुलींना साताऱ्याला हलवायचं ठरलं. तेवढ्यात आऊटपोस्टचे हवालदार पिसाळ आले. पोलीस पाटलाने निरोप धाडला होता. सुनेने नातींना विष घातलं, असा.

पिसाळ वही उघडून हौसासमोर बसले.

"औषध तूच लावलंस?"

"व्हय."

"कुणी सांगितलं लावायला?"

हौसाने मान वर केली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिने बघितलं नाही.

"कुनी न्हाय," ती म्हणाली. "माज्याच मनानं."

"एकदम असं मनात कसं आलं? दुसरी कुणी बाई लावत नाही डोक्याला फवारा. सासू म्हणते, पोरी नको होत्या तुला."

हौसा पोरींच्या खाटांकडे बघत राहिली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मीही गप्प राहू शकले असते. माझं नाव कुठेच नव्हतं. उलट गावाच्या लेखी मी दोन पोरी वाचवलेली बाई होते. फाटकाशी लोक तेच बोलत होते, मला ऐकू येत होतं. मला ते आवडतही होतं.

"हवालदार, माझा जबाब घ्या," मी म्हटलं.

हुपरीकरांनी चमकून बघितलं. मी सगळं सांगितलं. सोमवारची तपासणी, माझे शब्द, दाराबाहेर बसलेल्या पोरी. "या बाईला पोरी नको असत्या तर त्या शाळेत बसाव्यात म्हणून तिने एवढा खटाटोप केला नसता. आणि सकाळी बोटं आखडेपर्यंत हिने फुगा दाबून मुलीचा श्वास चालू ठेवलाय. तो मध्ये एकदा जरी थांबवला असता तर कुणालाही कळलं नसतं."

पिसाळांनी पेन थांबवलं. ते हौसाकडे बघत राहिले. मग त्यांनी वहीत अपघात असं लिहिलं आणि वही मिटली.

हुपरीकर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, तुम्ही औषध घालायला सांगितलं नव्हतं. कशाला ओढवून घेता?"

"मी काय घालायचं ते सांगितलं नव्हतं, डॉक्टर. तेच तर."

महिन्याभराने जिल्ह्याच्या ऑफिसातून मला खुलासा मागवणारं पत्र आलं. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या आदेशाविना इंजेक्शन का दिलं, आणि जनावरांसाठीचं औषध माणसांना का वापरलं. सोनवलकरांना त्यांच्या ऑफिसातून असंच पत्र गेलं. आम्ही दोघांनी बसून खुलासे लिहिले. मी माझ्या खुलाशात शाळेच्या तपासणीबद्दल पानभर मजकूर लिहिला. तो परत आला. त्या पानावर कुणीतरी लाल शाईने आडवी रेघ मारली होती आणि लिहिलं होतं, 'विषयाशी संबंध नाही, वगळावे.' मला ताकीद मिळाली. सोनवलकरांनाही. उवांबद्दल मला कुणी एक शब्द विचारला नाही.

पण ते सगळं नंतरचं. मुली साताऱ्याहून बाराव्या दिवशी घरी आल्या, धडधाकट. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या वाडीवर गेले. चढ मोठा आहे, मला दम लागला. जाताना पिशवीत दोन बारीक दातांच्या फण्या, खोबरेल तेल आणि औषधी दुकानातून आणलेलं उवांचं खरं औषध घेतलं होतं. पोरी अंगणात सागरगोटे खेळत होत्या. डोक्यावर काट्यासारखे केस उगवले होते. मला बघून शालन उठली आणि घरात पळाली. बायडी पळाली नाही, तिने मला सागरगोटे दाखवले.

कोंडाबाईने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती गोठ्यात निघून गेली. हौसा ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी तिच्या शेजारी बसले.

"माझं चुकलं, हौसा," मी म्हटलं. वाटेत मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. ऐनवेळी एवढंच आलं.

ती तांदूळ निवडत राहिली. एक खडा काढून तिने अंगणात टाकला.

"हवालदारापाशी माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुमचं नाव घेतलं असतं, तर पोरींकडं कुनी बगितलं असतं?" ती म्हणाली. "तुमी तितं पायजे हुता, बाई. तवा तुमच्याशी भांडून मी काय मिळवनार हुते?"

मग सूप एकदा पाखडून, "आन् राग हाय. न्हाय असं न्हाय. अजून हाय."

"असू दे," मी म्हटलं.

"शालन शाळेत जायाचं न्हाय म्हनतीया."

"सोमवारी मी येते. तिला घेऊन मी स्वतः वर्गात जाईन. सगळ्या पोरींच्या पुढे बसवीन. आणि बाकीच्यांना काय सांगायचं ते तिथे सांगीन."

तिने मान हलवली. होय म्हणाली की बघू म्हणाली, ते मला कळलं नाही. मी पिशवीतून बाटली काढून ते औषध किती घ्यायचं, किती वेळ ठेवायचं, डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, हे सगळं सांगितलं. कुठल्याही पेशंटच्या नातेवाइकाला मी इतकं हळू आणि इतकं नीट सांगितलं नव्हतं.

"पोरींना आता हे लागायचं नाही," मी म्हटलं. "पण घरात आणखी कुणाला असतील तर पुन्हा होतात. एकीच्या गेल्या आणि दुसरीच्या राहिल्या, असं चालत नाही."

हौसाने सूप खाली ठेवलं. गोठ्याकडे एकदा बघून घेतलं. मग ती उठली, माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसली आणि तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला. अंबाडा सोडला. केस पाठीवर पसरले.

"माज्या बी डोस्क्यात हायेत, बाई," ती अगदी हळू म्हणाली. "बगा."

मी तेलाची बाटली उघडली आणि बोटांनी तिचा भांग पाडायला घेतला.